मोटारीच्या पोटातली ढेकी

परत आल्यापासून पुण्यात मला तिघींनी विचारलं, "नागपूरच्या पलीकडे मराठी बोलतात का गं?" बोलतात, आणि चांगली तोंडावर बोलतात. 'तुमचं जरा चुकतंय असं वाटतं' हे सांगायला आपल्याला अर्धा तास आणि एक कप चहा लागतो. तिकडे तेच काम तीन शब्दांत उरकतं, वर ताटात भात वाढला जातो.

माझी थोरली बहीण आमगावच्या मालगुजारांकडे, म्हणजे तिकडच्या जमीनदारांकडे, दिलेली आहे. मी पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवते आणि दर दिवाळीला वह्या तपासायच्या आहेत म्हणून तिचं बोलावणं टाळते. यंदा ताईनं लिहिलं, "वह्या घेऊन ये, इथे चुलीला कागद लागतो." मग मात्र गेले. आगगाडीच्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. डब्यात बसून जे सगळे करतात तेच मी केलं, म्हणजे झोपले आणि खिडकीजवळच्या बाईवर जळले.

आमगाव

भाताच्या किती तऱ्हा असतात ते मला आमगावात कळलं. दुपारी भात, रात्री भात, मधल्या वेळी पोहे, आणि सकाळी उरलेल्या भाताला फोडणी. चौथ्या दिवशी मी भीत भीत पोळी मागितली, तर ताईच्या सासूबाईंचा चेहरा उतरला. "काऊन वं, तब्येत बरी नाई काय?" म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. बाहेर नजर जाईल तिथवर पिवळं झालेलं धान उभं होतं, मधूनमधून बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि त्यांत शिंगाड्यांचे वेल. एवढं धान पिकवणाऱ्यांनी गहू कशाला खावा, हेही खरंच.

भाऊजींना दोन गोष्टींचा अभिमान आहे. एक त्यांची कापडी छपराची मोटार, आणि दुसरं त्या मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक. मोटार ते स्वतः चालवत नाहीत. पुस्तक मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतात. मी मेहुणी, त्यामुळे थट्टेचा परवाना माझ्याकडे होता. मी म्हटलं, "भाऊजी, पुस्तकाला पेट्रोल किती लागतं?" त्यावर ते म्हणाले, "पुणेकरीणबाई, चिचगडला चला, मग दाखवतो."

चिचगडला मंडई होती. दिवाळीनंतर त्या मुलखात गावोगाव मंडया भरतात. आपल्या जत्रेसारखंच, फरक एवढाच, की देव असो नसो, पाहुणे हवेत. माहेरवाशिणी येतात, पाळणे येतात, गावातली माणसं नाटक बसवतात. चिचगडच्या नाटकाचा नारळ यंदा भाऊजींच्या हातून फुटायचा होता. त्यासाठी त्यांनी नागपूरहून सूट शिवून आणला होता, आणि त्यावर एक विलायती चामड्याचा कमरपट्टा. तो पट्टा त्यांनी आम्हा सगळ्यांना हाताळायला दिला.

तीस-बत्तीस मैलांची वाट, वाटेत देवरीला मुक्काम. मोटारीत भाऊजी, ताई, मी आणि ड्रायव्हर उरकुडा. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आईबापांनी त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलला, तेव्हापासून तो उरकुडा. आपल्याकडे अशालाच धोंडू म्हणतात. पन्नाशी ओलांडलेला, सडसडीत, मोजकं बोलणारा. वीस वर्षं तो गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये इंजिनावर होता. घरची जमीन नाही. यंत्र एवढंच त्याचं शेत.

वेस ओलांडली आणि बॉनेटखालून आवाज सुरू झाला. चीं... चीं... चीं. दाराच्या बिजागरीला तेल नसलं की होतो तसा, पण दसपट.

"उरकुडा, हा आवाज कायचा होऊन राहिला?" भाऊजींनी विचारलं.

उरकुडा समोर बघत राहिला. भाऊजींनी आवाज चढवून पुन्हा विचारलं.

"कोनता आवाज, मालक?"

"अरे, हा चीं चीं!"

त्यानं मोटार थांबवली, बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "आवाज नाई, मालक. गाडी मस्त चालून राहिली."

तोवर मागच्या दोन बैलगाड्या येऊन थांबल्या होत्या. एका गाडीवानानं आत खार शिरल्याचं निदान केलं. दुसरा म्हणाला, "एरंडीचं तेल द्या, आमच्या चाकाले देतो तसं." भाऊजींनी पुस्तक काढलं. पुस्तक म्हणालं, पंख्याचा पट्टा सैल झाला की असं होतं, धोका काही नाही. इतक्या लोकांना ऐकू आलेला आवाज एका ड्रायव्हरलाच कसा येत नाही, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

देवरी

देवरीला भाऊजींच्या एका स्नेह्यांकडे उतरलो. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि उकडलेले शिंगाडे. शिंगाडा सोलताना माझं बोट टोचलं, तेव्हा यजमानीणबाई म्हणाल्या, "पुन्यात काय सोललेलेच लागते काय?" पुण्यात खरंच सोललेलेच मिळतात.

जेवणानंतर भाऊजींनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही मास्तरीण. उरकुड्याची परीक्षा घ्या. मला वाटतं त्याचे कान गेले."

परीक्षा म्हटल्यावर मला हुरूप येतो, हा माझ्या धंद्याचा दोष. उरकुडा अंगणात टायर पुसत बसला होता. मी त्याच्या मागं उभी राहून भाऊजींचा किल्ल्यांचा जुडगा वाजवला. काही नाही. कानाशी नेऊन वाजवला. काही नाही. इतक्यात रस्त्यावरून धानाची भरलेली गाडी धडधडत गेली आणि त्यानं लगेच मान वर केली. मी जाऊन निकाल सांगितला, "बारीक आवाजात नापास, जाड आवाजात पास."

"मोटारीला दोन्ही विषय लागतात," भाऊजी म्हणाले. "मंडई झाली की त्याला मोकळा करतो. नागपूरहून नवा माणूस आणू."

ताई म्हणाली, "अहो, तो जाईल कुठे?"

"उपाशी नाही ठेवणार. धानाच्या राखणीला ठेवू. पाखरं हाकलायला."

मी हात धुवायला विहिरीवर गेले तर उरकुडा तिथं बादली भरत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, चाब्या वाजवून पाह्यल्या ना?"

मी चपापले. "तुला ऐकू आलं?"

"नाई. तुमच्या हाताची सावली माह्यासमोर पडली होती."

लाजेनं मला विहिरीत उडी घ्यावीशी वाटली. तो काही रागावला नव्हता. मिलमध्येच कान जात चालले होते म्हणाला, आधी पाखरं गेली, मग घुंगरू, मग नातवाचं रडणं. "मालकाले सांगू नोका, बाई. यंत्रापासून दूर केलं तं मी काय करू? काम गेलं का राखनीवर बसवते, पन पाखरंबी हाकलता येनार नाई. आयकू तं आली पाह्यजे."

मालकाला मी आधीच सांगून मोकळी झाले होते, हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. बादली उचलून तो गेला, आणि मी तिथंच हात धूत राहिले.

चिचगडच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. देवरी सोडली की रान लागतं. सागाची पानं वाळून तांबूस झालेली, मधेच मोहाचं एखादं मोठं झाड, आणि त्याच्याखाली मंडईला निघालेल्या बायका सावलीला बसलेल्या. नवी लुगडी, शेजारी टोपल्या. आमच्या चीं-चींनं त्या आम्ही दिसायच्या आधीच उठून बाजूला होत. भोंग्याची गरजच उरली नाही.

चिचगड सात-आठ मैलांवर असेल, तेव्हा उरकुड्यानं कुणी न सांगता मोटार थांबवली. इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"आत ठोका पडून राहिला, मालक. पायाले लागते. असंच गेलो तं इंजन फुटन."

आम्ही तिघांनी कान दिले. चीं-चींशिवाय काही नाही. भाऊजी सुटाबुटात, चार वाजता नारळ, आणि इथे ठार बहिरा ड्रायव्हर त्यांना आवाज ऐकवत होता. त्यांचा पारा चढला. "काल होता तो आवाज तुला आला नाही, आणि आज नाही तो येऊन राहिला? बस गाडीत!"

"नाई बसत," उरकुडा म्हणाला.

मालगुजाराला असं कुणी म्हटलेलं मी तिथं पहिल्यांदाच ऐकलं. ताईनं पदर तोंडाला लावला. उरकुडा रस्त्याकडेच्या झाडीत गेला, सागाची एक वाळकी सरळ काठी मोडून घेऊन आला, तिचं एक टोक इंजिनाच्या खालच्या अंगाला टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. डोळे मिटले. काठी सरकवत सरकवत तो एका जागी थांबला आणि तिथं त्यानं बोट ठेवलं.

"पाहा, मालक."

भाऊजींनी काठी तोंडात घ्यायला साफ नकार दिला. मी घेतली. प्रवासात माणसानं सगळं चाखून पाहावं. दातांत धरली आणि अंगावर काटा आला. चीं-चीं पार नाहीशी झाली, आणि कवटीच्या आत कुणी मुसळ घालावं तसा आवाज येऊ लागला. धब्, धब्, धब्. तोवर तिथल्याच एका मोहाच्या सावलीत बसलेल्या बायकांपैकी एक टोपली बाजूला सारून पुढे झाली होती. कुणी बोलावलेलं नसताना तिनं माझ्या हातातली काठी घेतली, पदरानं पुसली आणि स्वतः दातांत धरली.

"अगं माय! आत ढेकी कुटून राहिली!"

ढेकी म्हणजे पायानं दाबून धान कांडायचं लाकडी यंत्र. इतकं अचूक वर्णन पुस्तकातही नव्हतं. मग भाऊजींनी मुकाट्यानं काठी मागितली. अर्ध्या मिनिटानं ती खाली ठेवली आणि कोट काढला.

उरकुडा मोटारीखाली शिरला. त्याला तेल धरायला भांडं हवं होतं. त्या बाईनं, तिचं नाव फुलाबाई, जवळच्या टोल्यावरच्या, म्हणजे वाडीतल्या, आपल्या घरून घमेलं आणलं. तेल उतरलं ते काकवीसारखं दाट. उरकुड्यानं बोट बुडवून हुंगलं.

"हे मोटारीचं तेल नाई. जवसाचं हाये. जवस गरम झालं का चिकटते, अना बारीक वाटा बुजवते. वर तेल गेलंच नाई."

"मोटारीत जवस?" भाऊजी ओरडले. "तुझ्याशिवाय तेलाला हात कोण लावतो? कान गेले ते गेले, आता डोळेपण गेले?"

"मी दिवारीले घरी होतो, मालक," उरकुडा एवढंच म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सावली ओळखणाऱ्या माणसाला जवसाचं तेल ओतणारा हातही ओळखता आला असणार, पण त्यानं पाहिलं नाही.

आता कबूल करायलाच हवं. नरकचतुर्दशीला पहाटे घरातल्या सगळ्यांना तेल लागलं, बैलांच्या शिंगांना लागलं, तेव्हा ताई म्हणाली, मोटार तेवढी कोरडी का, तिलाही अभ्यंग घाल. तिकडे खायला, माखायला घाण्याचं जवसाचं तेल. मी वाटी घेऊन गेले. बॉनेटला नुसतं बोट लावायचं होतं. पण आत एका झाकणावर इंग्रजीत स्वच्छ 'ऑइल' असं लिहिलेलं दिसलं. त्या घरातल्या बायकांत इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. शिक्षणाचा उपयोग करावा म्हणून मी झाकण उघडलं आणि वाटी आत रिकामी केली. कमी वाटलं म्हणून आणखी दोन तांबे ओतले.

"भाऊजी, मी ओतलं," मी म्हटलं.

"मी सांगितलं होतं तिला," ताई घाईनं म्हणाली.

भाऊजींनी आमच्या दोघींकडे पाहिलं, मग घमेल्याकडे. "पुण्याची विद्या," ते म्हणाले.

दुखणं असं होतं. इंजिनातला दांडा ज्या कड्यात फिरतो, त्या कड्याच्या आतलं मऊ धातूचं अस्तर तेलावाचून झिजून गेलं होतं, आणि दांडा त्यात सैल होऊन आपटत होता. नवं अस्तर नागपूरला मिळालं असतं. उरकुडा म्हणाला, मिलमध्ये अडलं तर चामडं घालत, हळू चाललं तर दोन-तीन दिवस निघतात. पण चामडं चांगलं कमावलेलं हवं, आणि सगळीकडे सारख्या जाडीचं. त्यानं आमच्या वहाणा पाहिल्या, नापसंतीनं मान हलवली, आणि मग त्याची नजर भाऊजींच्या कमरेवर गेली.

"नाही," भाऊजी म्हणाले.

ताई झाडाकडे बघू लागली. भाऊजींनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा चिचगडच्या दिशेला पाहिलं, आणि पट्टा सोडला.

उरकुड्यानं त्याचा तुकडा मापानं कापला. तो भिजवायला तेल हवं होतं. फुलाबाईकडे गाडीच्या चाकांसाठी ठेवलेलं एरंडीचं तेल होतं, ते चालतं म्हणाला. लहानपणी मला जबरदस्तीनं पाजलेलं एरंडेल माणसापेक्षा मोटारीला जास्त मानवतं, ही या प्रवासातली मला मिळालेली एक उपयोगी माहिती. मग त्यानं बुजलेल्या वाटा साफ करून डिकीतल्या डब्यातलं मोटारीचं तेल आत भरलं. चांगले तीन तास गेले. पट्ट्याऐवजी फुलाबाईनं भाऊजींना पळसाच्या मुळांची दोरी दिली, आणि कशी बांधायची तेही दाखवलं.

मोटार सुरू झाली. मी काठी दातांत धरली. ढेकी बंद होती. मी उरकुड्याकडे बघून मान हलवली, तेव्हा तो दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. चीं-चीं मात्र तशीच होती. ती सांगितल्यावर तो म्हणाला, "तुमच्याच कानात काई असन, बाई."

बैलगाडीच्या चालीनं निघालो. भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले, "गुणी आहे, नाही कोण म्हणतं? पण मागून दुसरी मोटार आली तर याला कळेल कसं?" मी तोच प्रश्न पुढे वाकून, मोठ्यानं विचारला.

"पुढच्या बैलाचे कान पाह्यतो ना, बाई. मांगून मोटार आली का बैल आधी कान टवकारते."

"आणि पुढे बैल नसला तर?" भाऊजींनी मागूनच म्हटलं. ते उरकुड्याला ऐकू गेलं नाही, आणि मी या वेळी पुढे सांगितलं नाही.

चिचगड

आम्ही पोचलो तेव्हा सगळी मंडई आमच्या चीं-चींनं वळून बघत होती. पाळणे थांबले. भाऊजींच्या गळ्यात झेंडूचे हार पडले. नारळ फोडताना त्यांचा एक हात कमरेवर होता. लोकांना तो मालगुजाराचा रुबाब वाटला. नारळ एकाच हातानं, एकाच फटक्यात फुटला, म्हणून लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

मग ते मोटारीकडे चालू लागले. मी आणि ताई मागोमाग गेलो. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, आत्ताच सांगून टाकणार. देवरीला घेतलेला निर्णय त्यांनी मोडला नव्हता. त्यांची बाजू खोटी होती असंही नाही, हे मला पटत होतं. पण त्या माणसानं आमची मोटार वाचवली होती, माझी अब्रूही झाकली होती, आणि त्याची परीक्षा घेऊन त्याला नापास मीच केलं होतं.

उरकुडा बॉनेट उघडून आत वाकला होता. भोवती पन्नासेक माणसं मोटार बघायला जमली होती. भाऊजी त्याच्याजवळ गेले आणि लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "उरकुडा, घरी गेल्यावर तू आता मोटार सोड."

उरकुडा बॉनेटमध्ये वाकलेलाच राहिला.

भाऊजींनी त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं मान वर केली. "काय म्हनलेत, मालक?"

"म्हटलं, आता मोटार सोड," भाऊजी थोडं मोठ्यानं म्हणाले. जवळच्या दोघांनी वळून पाहिलं. भाऊजींनी आवाज लगेच खाली आणला. "तुला राखणीचं काम देतो."

"आयकू नाई आलं, मालक." आणि मग त्या पन्नास माणसांसमोर, जे त्यानं एवढी वर्षं लपवलं ते उरकुडा सरळ बोलून गेला. "मले बारीक आयकू येत नाई. जोरानं सांगा."

आता जोरानं सांगायचं म्हणजे अख्ख्या मंडईला सांगायचं. ज्यानं आज त्यांना इथवर आणलं त्याला, हार गळ्यात असताना, ओरडून काढून टाकायचं. भाऊजींनी लोकांकडे पाहिलं. ताईकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला, आणि पाळण्यावरच्या पोरांनासुद्धा ऐकू जाईल असं ओरडले,

"म्हटलं, उद्या सकाळी लवकर निघू! गाडी तयार ठेव!"

"तं असं सांगा ना, मालक," उरकुडा म्हणाला आणि फडकं उचलून पुन्हा आत वाकला. "कवाचे तोंडातल्या तोंडात काऊन बोलून राहिले?"